माझा वाटा किती?

पारोळ्यात आमच्या अंगणात, कडुनिंबाखाली, सहा महिने एक पांढरी मोटार नुसती उभी होती. वय वीस महिन्यांचे, धाव साडेअकरा हजार किलोमीटर. सीटवरचे प्लास्टिक एका बाजूने अजून निघालेले नव्हते. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "गुरुजी, गाडी ईकनी शे का?" मी कधी 'हो' म्हणायचो, कधी 'बघू'. मनात मात्र दोन्ही वेळा खोटे बोलल्यासारखे वाटायचे. एक गाडी विकायची की नाही, एवढ्याशा गोष्टीने मला इतके दिवस का छळले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. माळ घातलेल्या माणसाला मोटारीचा मोह कसला, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो, आणि तिथेच चुकत होतो.

गाडी हौसेने घेतलेली नव्हती. घरातल्या माउलीची किडनी निकामी झाली. धुळ्याला डायलिसिस सुरू झाले, आधी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. पारोळा जळगाव जिल्ह्यात असले तरी आम्हाला धुळे जवळ. जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. पहिले काही आठवडे एस.टी.ने गेलो. जाताना ठीक असायचे. परतताना तिला उभेही राहवत नसे आणि फागण्याच्या पुढे गाडीत जागा मिळेलच असे नसे. पुण्याचा मुलगा एका रविवारी आला, आईला स्टँडवर बाकड्यावर आडवी झालेली पाहिली, आणि दसऱ्याला गाडी दारात उभी राहिली. त्याने २ लाख घातले, मी ७० हजार, बाकीचे साडेपाच लाख बँकेचे कर्ज. हप्ता माझ्या पेन्शनमधून. पासष्टी ओलांडल्यावर मी गाडी चालवायला शिकलो. शिकवणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी निघाला आणि त्याने माझे सगळे जुने हिशेब चुकते केले, ही गंमत वेगळी.

चौदा महिने आम्ही त्या रस्त्याने गेलो-आलो. काकडा आटोपून निघायचे. ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला, उशी घेऊन. शिरपूरला दिलेली आमची मुलगी शनिवारी एस.टी.ने धुळ्याला यायची, आईचे डायलिसिस होईपर्यंत बसायची, मग आमच्याबरोबर पारोळ्याला येऊन रविवारी परत जायची. गाडीत हरिपाठ व्हायचा. ती पुटपुटायची, मी मोठ्याने म्हणायचो, मुलगी अधूनमधून झोपायची. मार्गशीर्षात ते सगळे थांबले.

त्यानंतर गाडीचे काम उरले नाही. मला अर्ध्या तिकिटात एस.टी. आहे. देऊळ पायी आहे. बाजार पायी आहे. आषाढीला तर आपण पायीच जाणार. मी दर आठवड्याला गाडी दहा मिनिटे सुरू करून ठेवायचो, तरी एकदा बॅटरी उतरली आणि एकदा उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या. उभी गाडीही खर्च मागते. विम्याच्या हिशेबात सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची किंमत ५ टक्क्यांनी, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २० आणि तीन वर्षांच्या आत ३० टक्क्यांनी घटलेली धरण्याची पद्धत आहे. ती चालो की उभी राहो. म्हणजे माझा निर्णय होईपर्यंत झाडाखाली पैसे वितळत होते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ११ हजार ४०० रुपयांचा हप्ता जातच होता.

व्यवहार इतका सरळ होता. मग अडत काय होते?

धुळे म्हटले की मला विनोबा आठवतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार ते गीतेवर बोलले. एका रविवारी एक अध्याय. ते उतरवून घेतले साने गुरुजींनी, आमच्या शेजारच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या माणसाने. म्हणूनच आपल्या हाती 'गीता-प्रवचने' आली. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. शेकडो लोकांना त्याने फाशीची शिक्षा दिलेली. एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहतो आणि न्यायाधीश अचानक फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर बोलू लागतो. बोलणे चुकीचे नव्हते. पण ते न्यायबुद्धीतून आलेले नव्हते, मुलाच्या मायेतून आलेले होते. अर्जुनाचे शहाणपणही तसलेच, असे विनोबांचे म्हणणे.

हे मी शाळेत वर्षानुवर्षे मुलांना सांगितले. स्वतःवर पाळी आली तेव्हा कळले की माझ्या डोक्यातला तो न्यायाधीश रोज निकाल बदलतो आहे. हप्ता गेला की मला अपरिग्रह आठवायचा: वारकऱ्याला काय करायची मोटार, देहच भाड्याचा आहे. आणि कोणी खरोखर भाव करायला आला की सेवा आठवायची: राहू दे, गावातला कोणी आजारी पडला तर रात्री-अपरात्री उपयोगी पडेल. दोन्ही विचार चांगलेच होते. पण पहिला बोलत होता तो माझा खिसा आणि दुसरी बोलत होती ती मागची डावी सीट. धर्माचे नाव दोघांनी उसने घेतलेले. खरे सांगायचे तर त्या सहा महिन्यांत रात्री-अपरात्री कोणी दार वाजवले नाही. लोकांना ठाऊक होते की गुरुजींना अंधारात नीट दिसत नाही.

चैत्रात मंदिरात सप्ताह होता. कीर्तनकार महाराज दानावर बोलले, फार रसाळ बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आरतीनंतर मी उठलो आणि हात जोडून सांगितले की माझी गाडी मी दिंडीला देतो. म्हाताऱ्या माणसांना, पाय सुजलेल्यांना उपयोगी पडेल, आणि तिच्याही आत्म्याला बरे वाटेल. टाळ्या झाल्या. महाराजांनी नारळ दिला. आमच्याकडून मुक्ताईच्या पालखीबरोबर जाणारी माणसे पुष्कळ. कोथळी-मुक्ताईनगरहून ज्येष्ठात निघायचे आणि बुलढाणा, जालना, बीड असे करत साधारण महिनाभर चालून पंढरी गाठायची, तेव्हा बसायला गाडी असली तर कोणाला नको? त्या रात्री मला सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. त्या झोपेबद्दल आता मला शंका येते.

दुसऱ्या दिवशी आमचे वीणेकरी नाना घरी आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, शाळा चौथी, वाऱ्या पन्नासच्या वर. चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि ओट्यावर बसून तीनच गोष्टी विचारल्या.

"गुरुजी, हिच्यात पेट्रोल कोण भरेल?"

मी म्हणालो, वर्गणीतून निघेल.

"मंग हिले चालवनार कोन? अन् वारी झाली का अकरा महिने हाई उभी कोठे ऱ्हाईन?"

मी म्हणालो, बघू काहीतरी. नाना थोडे थांबले. मग हळूच म्हणाले, "पोराले इचारं का?"

पोराला विचारले नव्हते. बँकेला तर नाहीच.

नाना गेल्यावर मी कागदपत्रांची पिशवी काढून बसलो. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा स्पष्ट लिहिलेला. बोजा उतरल्याशिवाय ती गाडी माझ्याने कोणाच्या नावावर करता येत नाही, हे मला माहीत असायला हवे होते, माहीत होतेही. पण भर मंडपात दान बोलताना ते आठवले नाही. मला प्रश्न पडला की मी नेमके काय दिले?

तुकोबारायांच्या चरित्रातला तो प्रसंग आपण सगळे ऐकत आलो आहोत. दुष्काळानंतर, भामगिरीवरच्या साक्षात्कारानंतर, त्यांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली. कीर्तनात इथे टाळ वाजतात, आणि वाजायलाच हवेत. पण त्याच्या आधीची गोष्ट आपण घाईने ओलांडतो. खते दोघा भावांची होती. कान्होबांनी आपला संसार पुढे ठेवला, आणि तुकोबांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबांच्या हाती दिली आणि उरलेली अर्धी, ज्यांच्यावर आपला एकट्याचा हक्क, ती डोहात सोडली. धाकट्या भावाला बरोबर घेऊन वैराग्य केले नाही. 'तू पण सोड' असे म्हटले नाही. ज्याने सगळे सोडायचे ठरवले होते तो माणूस सोडण्याआधी वाटणी करत बसला, हे मला त्या रात्रीपर्यंत कधी विचित्र वाटले नव्हते. विचित्र वाटले, आणि मग कळले की सोडण्याचा अर्धा भाग तर हाच आहे. दुसऱ्याचे सोडायला काहीच लागत नाही. सरकारी जमीन मी रोज दान करू शकतो.

म्हणून मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. इथे नाथमहाराजांचे नाव घ्यायचा मोह आवरत नाही. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक सापडेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका. लहानपणी मला वाटे, संत माणसाने पैसाठी कशाला जागावे! आता वाटते की स्वामींनी त्या टाळीतच शिष्य ओळखला असणार.

माझा हिशेब असा निघाला. धुळ्याच्या दलालाने गाडीचा भाव ६ लाख २० हजार सांगितला होता. बँकेचे मुद्दल वीस हप्ते फेडूनही ३ लाख ९३ हजार बाकी. उरले २ लाख २७ हजार. त्यातले २ लाख मुलाचे. म्हणजे ज्या सहा लाखांच्या गाडीचे मी भर मंडपात दान केले, त्यात माझे सत्तावीस हजार होते. मग मी भरलेले ७० हजार आणि वीस हप्त्यांचे सव्वादोन लाख कुठे गेले? ते कुठेच गेले नव्हते. ती चौदा महिन्यांची धुळ्याची भाडी होती. तिला उशी घेऊन आडवे होता आले, त्याची ती किंमत. ती मी आधीच दिली होती, आणि देताना मला दान वगैरे काही वाटले नव्हते. माझ्या आयुष्यातला या गाडीबाबतचा खरा त्याग बहुधा तोच, आणि त्याला नारळ मिळालेला नाही.

महाराजांना फोन केला आणि सांगितले की चूक झाली, गाडी माझी नाही. ते क्षणभर गप्प राहिले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "माउली, हरकत नाही." मंडळींत मात्र चार दिवस कुजबुज झाली. झाली तर झाली.

विकायचे ठरले. पण आणखी एकाचा वाटा निघायचा होता, आणि तो माझ्या लक्षातच आला नव्हता.

आदल्या श्रावणात, रात्री परतताना, पावसात मी गाडी दुभाजकावर घातली होती. चूक माझी. तिला त्या दिवशी फार त्रास होत होता आणि मी मागे वळून पाहिले. कोणाला लागले नाही. पुढचा बंपर, एक दिवा आणि रेडिएटरच्या पुढची पट्टी बदलावी लागली. काम विम्यातून झाले आणि चांगले झाले. आता बाहेरून काही दिसत नाही. दलाल म्हणाला, "गुरुजी, हे बोलायचं नाही. नवी कोरी गाडी आहे. बोललात की तीस-चाळीस हजार गेले." मी विचारले, समोरच्याने विचारले तर? "कोणी विचारत नाही. विचारलं तर मी आहे ना."

आपण माळकरी. खोटे बोलायचे नाही एवढे आपल्याला माहीत. पण न बोलणे हे खोटे आहे का? मी दोन दिवस या प्रश्नाशी खेळलो. मास्तर असल्यामुळे प्रश्नाशी खेळणे मला चांगले जमते. दुरुस्ती पक्की झाली आहे, धोका काही नाही, मग सांगून त्याच्या मनात किंतू कशाला घालायचा, असे मी स्वतःला समजावत होतो. परत तोच न्यायाधीश! तिसऱ्या दिवशी हरिपाठाला बसलो असताना गोष्ट सरळ झाली. त्यात माझे डोके चालले असे नाही. शेजारी नाना बसले होते, एवढेच. गाडीची किंमत ठरवायला जी माहिती लागते ती घेणाऱ्याची आहे. ती माझ्याजवळ आहे एवढ्याने ती माझी होत नाही. मुलाचे दोन लाख माझ्या अंगणात उभे होते, म्हणून ते जसे माझे झाले नव्हते, तसेच.

घ्यायला आले ते धुळे तालुक्यातल्या एका खेड्यावरचे शिक्षक नवरा-बायको, लहान मूल कडेवर. माझ्याच पेशातले. मी दलालासमोर अपघाताचे सांगितले, दुरुस्तीची पावती दाखवली. दलालाने कपाळाला हात लावला. ते दोघे एकमेकांकडे बघू लागले, "विचार करून सांगतो" म्हणाले आणि गेले. चार दिवस फोन नाही. त्या चार दिवसांत मला काही पुण्य वगैरे वाटले नाही. चिडचिड झाली. हरिपाठात चित्त नव्हते. पस्तीस हजार, पस्तीस हजार असा ताल लागला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की खरे बोलल्यावर लगेच आतून गार वाटते. मला तरी वाटले नाही.

पाचव्या दिवशी ते आले. मेकॅनिकला दाखवून घेतले आणि नेमके पस्तीस हजारच कमी करून मागितले. मी दिली. ५ लाख ८५ हजार. बँकेचे फेडले, मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार गेला, बोजा उतरवला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. इथे एक व्यवहाराचे सांगून ठेवतो, कारण आपल्यातली बरीच माणसे किल्ली दिली की हात झटकतात: विक्रीनंतर चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, आणि नोंदीत ज्याचे नाव असेल तोच मालक धरला जातो, भरपाईसुद्धा त्याच्यावर येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेले आहे. तेव्हा नाव बदलल्याचे पाहूनच स्वस्थ बसावे. 'मी सोडली' असे मनात म्हटल्याने गाडी सुटत नाही.

हाती उरले १ लाख ८८ हजार. माझे म्हणवलेले सत्तावीस हजारही त्यात बुडाले, वर बारा हजारांची तूट आली. ते बारा हजार पेन्शनमधून घालून मी मुलाला २ लाख पाठवले. तो फोनवर रागावला. "आबा, ते मी तुम्हाला दिलेच नव्हते. आईला दिले होते. परत कसले करता?" मी म्हणालो, आई गेली, आता ते तुझे. बराच वेळ कोणीच बोलले नाही. महिनाभराने नानांकडून कळले की त्याने दिंडीच्या पाण्याच्या टँकरसाठी काही रक्कम पाठवली आहे आणि 'आबांना सांगू नका' असे बजावले आहे. नानांनी अर्थातच सांगितले. मला बरे वाटले, आणि थोडा हेवाही वाटला.

राहिली मुलगी. तिने या गाडीत एक रुपया घातला नव्हता. हिशेब मांडला तेव्हा तिचे नाव कुठल्याच रकान्यात आले नाही, म्हणून मी तिला विचारलेही नाही, नुसते कळवले. ती म्हणाली, "आबा, आईची जागा होती ती." एवढेच. गाडी न्यायला माणसे आली त्या दिवशी मी मागच्या सीटवरची उशी काढून घेतली. डॅशबोर्डवरची विठ्ठल-रखुमाईची छोटी मूर्तीही काढणार होतो, पण त्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या ना गुरुजी." राहू दिली.

बँकेचा वाटा पोचला, मुलाचा पोचला, घेणाऱ्यालाही त्याचे मिळाले. मुलीचा किती आणि तो कशात मोजायचा, हे मला उमजलेले नाही. सहा महिने गाडी झाडाखाली उभी होती त्यांतली एखादी संध्याकाळ तिला बोलावून, दोघांनी त्या गाडीत बसून हरिपाठ म्हटला असता तर कदाचित भागले असते. मला सुचले नाही. मी अपरिग्रह आणि सेवा यांचा विचार करत होतो.

पुढच्या शनिवारी ती शिरपूरहून येणार आहे. उशी कपाटात ठेवली आहे. अभ्रा धुतलेला नाही.